मुठीचा घाणा

आमचे हे चोरून पाव खातात आणि तोंड पुसून घरी येतात. गेली वीस वर्षं मी हे सांगत आलेय, आणि वीस वर्षं हा माणूस मान हलवून "नाही गं" एवढंच म्हणत आलाय. जोरात नाही, रागानं नाही. जणू मी विचारलंय, चहात साखर कमी पडली का?

बसलिंग तोडकरी यांच्या पोटाला गहू चालत नाही. लग्न होऊन मी औशाला आले तेव्हा या दुखण्याला आमच्याकडे नावही नव्हतं. चपातीचा तुकडा पोटात गेला की तीन दिवस कळा, जुलाब, डोळे खोल गेलेले. डॉक्टरच्या आधी सासूबाईंनी ते ओळखलं आणि गव्हाला घराबाहेर काढलं. आमच्याकडचं येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ. चमचाभर घातलं की आमटीला अंग येतं. बाकीच्यांच्या येसरात गहू असतो, सासूबाईंच्या येसरात नव्हता. ज्वारी, हरभऱ्याची डाळ, धने, खोबरं, तीळ, मिरची, दगडफूल. पुढं मी त्याच येसराची पाकिटं केली. आज माझ्याकडे एकतीस बाया कामाला आहेत, आणि पाकिटावर माझ्या नावाहून मोठ्या अक्षरांत छापलंय: गहू नाही. ज्यांच्या पोटाला गहू चालत नाही अशी कुठकुठली माणसं ते डोळे झाकून घेतात.

आणि अशा घरातल्या माणसाचं पोट वर्षातून चार-पाच वेळा बिघडणार! मग मी काय समजायचं? स्टँडवर यांचे तीन म्हातारे दोस्त बसतात, शेजारच्या टपरीवर मस्कापाव मिळतो. यंदा पोळा झाल्यावर पुढच्याच आठवड्यात हे तीन दिवस अंथरुणाला खिळले. बरे झाल्यावर मी यांची टोपी आणि काठी कपाटात घातली आणि किल्ली कमरेला लावली.

"स्टँड बंद."

"महानंदा, मी नुसता चहा प्यालो होतो."

"चहानं कळा येतात होय?"

"नाही गं."

झालं. ओट्यावर जाऊन बसले आणि रस्त्याकडे बघत राहिले. दोन दिवसांनी दोस्तांपैकी एकजण दारावरून गेला तर यांनी हात वर केला, आणि माझ्याकडे बघून खाली घेतला.

त्याच आठवड्यात माझी सून स्वरूपा फोन घेऊन भट्टीपाशी आली. स्वरूपा शास्त्र शिकलेली आहे. पाकिटं, पार्सलं, नेटवरचं सगळं तीच बघते.

"आत्या, आपली पाटी लाल झालीय."

आता पाटी म्हणजे काय ते सांगते. हल्ली दुकानात पाकीट उलटून कुणी वाचत नाही. सगळ्यांच्या कानात बोलकी असते, माझ्या सोडून. तिला विचारलं, हे पाकीट कसं आहे गं, की ती त्या पाकिटाची नेटवरची पाटी वाचून दाखवते. पूर्वी नेटवर कंपन्या स्वतःची आरती लिहायच्या आणि वैरी शिव्या लिहायचे, खरं कुठलं ते देवाला माहीत. आता पाटीवर कुणाच्या लिहिण्याला किंमत नाही. जिभल्या सांगतील ते खरं. जिभली म्हणजे फोनच्या कडेला असलेली नखाएवढी काच. तिच्यावर चिमूटभर पीठ आणि पाण्याचा थेंब ठेवला की पिठात काय काय आहे ते ती सांगते.

स्वरूपानं फोन माझ्यापुढं धरला. बोलकीचा गोड आवाज आला. "तोडकरी येसर. पाकिटावर लिहिलं आहे, गहू नाही. तीनशे बारा घरांतल्या वाचनांपैकी एकोणीस वाचनांत गहू सापडला. बनवणाऱ्यांनी कारण दिलेलं नाही."

"कुणी वैऱ्यानं लिहिलंय. पुसून टाक."

"पुसता येत नाही, आत्या. आपल्यालाही नाही आणि वैऱ्यालाही नाही. कारण तेवढं सांगता येतं. पंधरा दिवस दिलेत. नाही सांगितलं तर पाटीवर 'भरवसा नको' असं उमटतं. मग बोलकी कुणापुढंच आपलं नाव घेत नाही."

भट्टीवर कढई होती, उलथणं माझ्या हातात होतं. पलीकडे एकतीस बाया पाखडत, निवडत बसल्या होत्या. मी आवाज खाली आणला.

"आपल्याकडे गव्हाचं पोतं कधी आलंय का?"

"नाही. मी सगळी पोती तपासली, गिरणीही तपासली. काही नाही. तरी मी माल पाठवणं थांबवलंय."

"कुणाला विचारून?"

"हे ऐका आधी."

जालन्याच्या कुण्या बापानं आवाज पाठवला होता. "माझी मुलगी आठ वर्षांची आहे. तिला गहू चालत नाही. घरात तुमचंच येसर असतं. या वेळी आमटी खाल्ली आणि चार दिवस दवाखान्यात होती. भांडायला फोन केलेला नाही. असं कसं झालं, एवढंच विचारतोय."

"पोर आहे," मी म्हटलं. "शाळेत कुणाच्या डब्यातलं बिस्कीट खाल्लं असेल, आणि बापाला सांगत नसेल."

स्वरूपानं माझ्याकडे बघितलं. मग ओट्यावर बसलेल्या तिच्या मामांकडे, म्हणजे आमच्या यांच्याकडे बघितलं. तिचं ते बघणं मला मुळीच आवडलं नाही.

जेवणं झाल्यावर मी तिला म्हटलं, "आण तुझी ती काच. माझ्या पिठाची परीक्षा घेते, तर आधी मी तिची घेते."

तिची पाठ वळवून मी पाच वाट्या मांडल्या. पहिल्या दोन्हीत आपलं साधं येसर. तिसरीत खलबत्त्यात कुटलेला एक, एकच, शेंगदाणा मिसळलेला. चौथीत चार दाणे बाजरी. पाचवीसाठी शेजारच्या कमळाबाईकडून दोन बोटांच्या चिमटीत मावेल एवढी कणीक आणली आणि तासभर करपवली.

जिभलीनं पाची वाट्या ओळखल्या.

"शेंगदाणा समजू शकते," मी म्हटलं. "पण ही कणीक तर जळून काळी झालीय. ही कशी ओळखली?"

स्वरूपाला असं विचारलेलं फार आवडतं. मांडी घालून बसली. "प्रत्येक धान्यात प्रथिनं असतात, आत्या, आणि प्रत्येक प्रथिनाची घडण निराळी. या काचेवर डोळ्याला न दिसणारे हजारो आकडे आहेत. गव्हाच्या आकड्यात गव्हाचंच प्रथिन अडकतं, ज्वारीचं निसटून जातं. अडकलं की तेवढा ठिपका रंग बदलतो आणि फोन ते ठिपके मोजतो. भाजल्यावर प्रथिन मोडतं, पण सगळं नाही. तुकडे उरतात. एखादं लुगडं फाटून चिंध्या झालं तरी काठाचा तुकडा बघून ते कुणाचं होतं हे तुम्ही सांगता की नाही?"

"सांगते."

"तसंच."

हे मला पटलं. तरी विचारलं, "आणि कुणाच्या हाताला सकाळची कणीक लागलेली असेल तर?"

"तर ती जिभली चुकेल. म्हणून पाटी एका जिभलीचं ऐकत नाही. वेगवेगळ्या गावांतल्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या घरांतल्या जिभल्या एकाच घाण्याबद्दल एकच बोलल्या, तरच ते पाटीवर चढतं."

मला नाद लागला, खोटं कशाला सांगू. सगळी दुपार मी काचेवर काही ना काही ठेवत होते. मंदिरातला प्रसाद. कालच आणलेली हिंगाची डबी, तर हिंगात मैदा निघाला! तेव्हापासून आमच्या घरातली ती डबी बंद. कमळाबाई ज्याची मोठी शेखी मिरवते त्या शुद्ध बेसनाच्या लाडवात वाटाण्याचं पीठ निघालं. तिला मी अजून सांगितलेलं नाही, राखून ठेवलंय. आणि मग मला सुचायला नको होतं ते सुचलं. कपाट उघडलं, यांचा स्टँडवर जायचा कोट काढला, दोन्ही खिसे उलटे केले आणि तळाशी साचलेला भुगा काचेवर झटकला.

बडीशेप. शेंगदाणा. तंबाखूसुद्धा नाही. गहू नाही.

शिवणीतला कचरा टाचणीनं उकरून परत ठेवला. गहू नाही.

"खिशात कशाला ठेवतील," मी म्हटलं, "तिथंच उभं राहून खात असतील."

"आत्या," स्वरूपा हळूच म्हणाली, "त्यांच्यावरच इतका संशय का?"

"तुझं लग्न होऊन नऊ वर्षं झाली. माझं बेचाळीस. गप बस."

कोट घडी करून कपाटात ठेवला आणि पुन्हा कुलूप लावलं.

नऊ दिवस उरले तेव्हा स्वरूपा कागद घेऊन आली. ज्या एकोणीस पाकिटांत गहू निघाला त्यांच्यावरचे घाण्याचे आकडे तिनं उतरवून काढले होते. "गंमत बघा. वर्षाचे तीनशे दिवस आपण भाजतो, आणि गहू फक्त सहा दिवसांत आहे. त्यातही त्या दिवसाच्या पहिल्याच घाण्यात. दुसऱ्या घाण्यात टिपूसही नाही. पोत्यात असता तर सगळीकडे आला असता. गिरणीत असता तर रोज आला असता. त्या सहा सकाळी कुणीतरी पहिल्या कढईत गहू टाकलाय. तो आहे एवढं जिभली सांगते, का आहे ते तिला कळत नाही."

"वाच तारखा."

तिनं वाचल्या. मला तारखांतलं फार कळत नाही, मला वार आणि सण कळतात. मी चौथी शिकलेय, पण माझ्या दारात कुठली बाई कुठल्या दिवशी पहिल्यांदा आली ते मला विचारा.

"पोळ्यानंतरचा मंगळवार," मी म्हटलं. "शमीम आली तो दिवस."

"आणि ही, जूनमधली?"

"वटपौर्णिमेच्या आधी दोन दिवस. लोचना."

"एप्रिल?"

"बसवजयंतीच्या आदल्या दिवशी. सुरेखा आणि तिची जाऊ."

चौथी तारीखही नव्या बाईच्या पहिल्याच दिवसाची निघाली. खाटेच्या कडेवर बसले.

आमच्याकडे मुठीची रीत आहे. सासूबाईंनी घालून दिलेली. नवी बाई कामाला आली की पहिल्या दिवशी आपल्या घरचं मूठभर धान्य पदरात बांधून आणते. सगळ्या बाया कढईभोवती उभ्या राहतात आणि ती ते पहिल्या घाण्यात सोडते. आता हे पीठ तिचंही झालं. आणि मूठ उघडून बघायची नाही, सोडताना आपण तोंड दुसरीकडे करायचं. कुणाच्या घरात जाड धान्य, कुणाच्या घरात किडकं, हे दुसऱ्या बाईला दिसू नये म्हणून. त्याच पहिल्या घाण्यातलं वाटीभर येसर घरात येतं आणि संध्याकाळी त्याची आमटी होते. नव्या बाईच्या मुठीची आमटी. घरातल्या कर्त्या माणसाला पहिली वाढायची.

कर्त्या माणसाला. मी वाढायची. स्वतःच्या हातानं.

सासूबाईंच्या काळात औशाच्या आसपास कुणाच्याही घरात मूठ भरायला गेलं तर ज्वारीच निघायची. गहू सणाला. रीत तेव्हा बरोबर होती. मग घराघरातल्या कणग्या गेल्या, रेशनचा गहू आला, पोरं चपात्या मागायला लागली. मूठ तशीच झाकलेली राहिली आणि आतलं धान्य बदललं. मी तोंड दुसरीकडे करून उभी होते.

उठून भट्टीवर गेले आणि सासूबाईंची रीत जन्मात पहिल्यांदा मोडली.

"शमीम, तुझ्या मुठीत काय होतं गं?"

ती घाबरली. "गहू होता, आक्का. ज्वारी घरात नव्हती. चुकलं का काही?"

"तुझं नाही. लोचना?"

"गहू."

एकेकीला विचारलं. एकतीस बायांत सातजणींची ज्वारी होती, दोघींचे तांदूळ. बाकी गहू. स्वरूपा माझ्यामागं येऊन उभी राहिली होती.

"आत्या, लग्नानंतर पहिल्या शुक्रवारी मीसुद्धा मूठ सोडली होती. आईनं बांधून दिली होती. गहू होता. त्या आठवड्यात मामा आजारी पडले होते."

"हो. आणि मी चार पाहुण्यांसमोर म्हटलं होतं की, लग्नातल्या जिलेब्या बाधल्या."

"तेव्हाही ते 'नाही गं' म्हणाले होते."

"ठाऊक आहे मला काय म्हणाले ते."

दुसऱ्या दिवशी स्वरूपानं पाटीवर द्यायचं कारण लिहून आणलं. प्रक्रियेत अनवधानानं राहिलेली त्रुटी, असं काहीसं. वाचता वाचता तिचीच जीभ अडखळली.

"हे कोण बोलतंय?" मी विचारलं.

"असंच लिहितात, आत्या. आणि रीतीचं सांगितलं तर लोक हसतील. मूठ म्हणजे काय, न बघता टाकायची म्हणजे काय. पाकिटावरचं 'गहू नाही' आपल्याला काढावं लागेल कदाचित. नाव जाईल."

"पाटी आवाज घेते ना? लाव तो फोन."

बाया कामं सोडून आल्या. ओट्यावरून हे उठून दारापर्यंत आले आणि तिथंच थांबले. मी बोलले. जसं बोलले तसंच ते आता पाटीवर आहे, कुणीही ऐकावं.

"मी महानंदा बसलिंग तोडकरी, औसा. तुमच्या जिभल्या खरं बोलल्या, माझं पाकीट खोटं बोललं. आमच्याकडे नवी बाई आपल्या घरचं मूठभर धान्य पहिल्या घाण्यात घालते. ते न बघता घालायचं ही आमची रीत. कुणाची गरिबी उघडी पडू नये म्हणून ती होती. धान्य बदललं ते मी बघितलं नाही. बायांचा दोष नाही, माझा आहे. हे सहा घाणे आणि त्यांच्या आधीचे मुठीचे सगळे घाणे ज्यांना गहू चालत नाही त्यांनी खाऊ नयेत, पाकीट परत पाठवा. जालन्याची एक मुलगी आजारी पडली. तिनं चोरून बिस्कीट खाल्लं असं मी घरात बसून म्हटलं होतं. तिनं खाल्लं नव्हतं. तिच्या बापानं हे तिला सांगावं."

स्वरूपानं बोट फोनवरून उचललं. थोड्या वेळानं पाटीचा लाल रंग गेला. हिरवा नाही झाला. पिवळा. बोलकीनं वाचून दाखवलं: कारण मिळालं, सहा घाणे वगळावेत, पुढच्या शंभर वाचनांनंतर पुन्हा ठरेल. तिला माझं रडगाणं नको होतं आणि माझी फुशारकीही नको होती, पुढची शंभर घरं काय सांगतात तेवढंच हवं होतं. मला ती बाई आवडली. आमच्या सासूबाईही अशाच होत्या.

"आक्का," शमीमनं मागून विचारलं, "म्हणजे आता मूठ उघडून बघणार? का बंदच?"

सगळ्याजणी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांतल्या निम्म्यांना दुसऱ्या कुठल्या दारात कुणी 'तुझंही आहे' असं म्हटलेलं नाही.

"मूठ झाकलेलीच राहील," मी म्हटलं. "कढई वेगळी होईल. अंगणात, पिंपळाच्या बाजूला, वेगळी चूल आणि वेगळी पळी. त्या मुठीच्या घुगऱ्या करायच्या आणि आपण बायांनी तिथंच बसून खायच्या. आत यायच्या आधी हात धुवायचे, मग ही काच आपल्या पहिल्या घाण्याला लावायची. रोज. काय निघालं ते पाटीवर आपणच आधी सांगायचं. आणि स्वरूपा, ती काच कमळाबाईकडे नको नेऊस. तिचं मी बघते."

बाया हसल्या आणि कामाला लागल्या.

हे अजून दारातच उभे होते. बेचाळीस वर्षांत मी या माणसापुढं खाली बघितलेलं नाही, त्या दिवशीही नाही बघितलं. कमरेची किल्ली काढली, कपाट उघडलं. कोट झटकला, टोपी काढली, काठी काढली. टोपी त्यांच्या डोक्यावर मीच ठेवली, जरा तिरकी बसली ती सरळ केली. एकतीस बाया उलथणी थांबवून ऐकत होत्या. ऐकू देत म्हटलं.

"जा स्टँडवर. दोस्त वाट बघतायत. वीस वर्षांत तुम्ही एकदाही पाव खाल्ला नाहीत, हे आज मी सगळ्यांसमोर सांगते. विष मी वाढलं आणि आळही मीच घेतला. तुमचा अपराध एवढाच, की खरं बोलत होतात आणि इतकं हळू बोलत होतात. यापुढं माझ्याशी खरं बोलायचं असेल, तर ओरडून बोला."